गाडीच्या एसीत ठेवलेली खस

गेल्या हिवाळ्यात मी आठवणी लिहायला बसलो. शाळेतल्या गोष्टी, बदल्या, सायकलीवरून केलेले प्रवास, असं बरंच लिहून झालं. त्यात एका पानावर मी लिहिलं होतं, ‘नोकरीत आणि नोकरीनंतरही मी जाणूनबुजून कुणाचं नुकसान केलं नाही.’ वही टेबलावर होती. बायकोनं ती दुपारी वाचली असावी. संध्याकाळी उघडली तर त्या वाक्याखाली पेन्सिलीची एक सरळ रेघ होती. शेजारी काही लिहिलेलं नव्हतं. आमच्यात त्यावर बोलणंही झालं नाही. ती स्वयंपाकघरात वालाच्या शेंगा निवडत बसली आणि मी ते पान पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. शेवटी ते फाडलं आणि त्याच्या जागी हे लिहायला घेतलं.

आता माझं वय शहात्तर आहे. जे सांगतोय ते चार वर्षांपूर्वीचं.

मी चंद्रपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्तीनंतर एक जुनी गाडी घेतली, पांढरी, छोटी. माझ्याकडे आली तेव्हाच तिचं अर्धं आयुष्य संपलं होतं. मी तिला जपायचो, दर रविवारी स्वतः धुवायचो. इंजिन ठणठणीत होतं. एसी मात्र हळूहळू मेला. चंद्रपूरचा उन्हाळा ज्यानं पाहिला नाही त्याला हे कळणार नाही, पण आमच्याकडे मार्च संपता संपता गाडीचं स्टिअरिंग ओल्या नॅपकिनशिवाय धरता येत नाही. बायकोला रक्तदाबाचा त्रास. मुलगी सिरोंच्याला, जावई तिथं नोकरीला. वर्षातून दोनदा तरी तिकडे जायचंच, आणि नातवाच्या सुट्ट्या म्हणजे नेमका मे महिना. त्यामुळे एसी ही आमच्यासाठी चैन नव्हती.

मूल रोडला शहर संपतं तिथं एक टिनाचं शेड होतं. बाहेर फळ्यावर रंगानं लिहिलेलं, ‘येथे कारचे एसी दुरुस्त होतील’. बाजूला चहाची टपरी. मेकॅनिक चाळिशीचा, बारीक, कमी बोलणारा. पर्यटकांना ताडोब्याला नेणाऱ्या पाच गाड्यांचा एक मालक आमच्या ओळखीचा होता. त्यानंच मला तिथं पाठवलं. म्हणाला, ‘सर, डोळे मिटून द्या गाडी. पोरगं इमानदार आहे.’ माझ्या वयाच्या माणसाला चाळिशीचा माणूस पोरगंच वाटतो, त्या मालकालाही वाटायचा.

एप्रिल लागला होता. मी सकाळीच गाडी नेली. मेकॅनिकनं बोनेट उघडलं, मला आत बसून एसी सुरू करायला सांगितला आणि स्वतः डोळे मिटून उभा राहिला. मग दोन नळ्यांवर हात ठेवले, एकेका हाताखाली एकेक.

‘सर, एक नळी थंडी लागाले पाह्यजे आन् एक गरम. इथी दोन्ही सारख्याच हायत. कॉम्प्रेसर लागते आन् लगेच सुटते. आयकू येते काय? टक्. टक्.’

मी म्हणालो, ‘येतं. म्हणजे गॅस कमी आहे.’

‘गॅस कमी हाय, बराबर. पन गेली कुठी?’ तो हसला. ‘भरून देनारे पावलोपावली भेटतात सर. गेली कुठी ते पाहाले कोनापाशी टाइम नाई.’

मला हे आवडलं. मी वर्गात पोरांना नेमकं हेच सांगायचो की आधी कारण शोधा. त्यानं सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावला. कुठंच फुगा येईना. मग पुढची जाळी, म्हणजे कंडेन्सर, खोलून काढली, तिची तोंडं बंद केली, आत दाबानं हवा भरली आणि अर्ध्या कापलेल्या ड्रमातल्या पाण्यात ती बुडवली. स्वतः ड्रमाशेजारी उकिडवा बसला. पाणी शांत होईपर्यंत पाच-सात मिनिटं हलला नाही. मी पण वाकून पाहत होतो, मला काही दिसत नव्हतं.

‘हे पाहा,’ तो हळूच म्हणाला. एका कोपऱ्यातून मोहरीएवढा बुडबुडा वर आला. बऱ्याच वेळानं दुसरा.

‘तुला दिसला कसा रे?’

‘माहा बाप तलावावर मासे धरे जी. पान्याकडे पाहूनच सांगे, मासा कुठी हाय ते. मले मासे नाई दिसत,’ तो म्हणाला, ‘मले बुडबुडे दिसतात. बाप म्हने, वाया गेलं पोट्टं.’

चहावाला, मी आणि तो, तिघंही हसलो. घरी येऊन मी बायकोला हे कौतुकानं सांगितलं होतं. त्या कौतुकातलं मासे धरणं मी पुढे कशासाठी वापरलं ते येईलच.

त्यानं नवी जाळी बसवली, गेज लावून मोजून गॅस भरला. गाडी अशी थंड झाली की संध्याकाळी फिरायला नेलं तर बायकोनं पदर अंगाभोवती घेतला. निघताना त्यानं डाव्या बाजूचा, कागदपत्रं ठेवायचा कप्पा काढून मला मागची एक खाच दाखवली होती. ‘इथी हवेचा फिल्टर राह्यते. तुमच्या गाडीत नाईच. कोनं काढून फेकला काय मालूम. मी नागपूरहून मागवतो, आला की फोन करतो. तोवर रिकामी राहू द्या. आत काई टाकू नोका. लोकं कापूर टाकतात, सेंटच्या वड्या टाकतात, मंग मले शिव्या देतात.’

‘मी विज्ञानाचा मास्तर आहे,’ मी म्हणालो.

‘मंग तं तुमाले सांगायची गरजच नाई.’

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी घरच्या कूलरच्या ताट्यांमधली खस बदलली. आमच्याकडे हे दर उन्हाळ्याचं काम. लाकडाच्या भुशाची तयार ताटी स्वस्त मिळते, पण आम्ही अजून वाळ्याची खस भरतो. पहिलं पाणी पडलं की सगळ्या घराला वास येतो. ताट्या भरून ओंजळभर खस उरली. ती हातात घेऊन मी अंगणात उभा होतो आणि मला ती रिकामी खाच आठवली.

मी काय केलं ते नीट लिहितो. तारेच्या जाळीचे दोन तुकडे खाचेच्या मापानं कापले. मध्ये खस अंथरली. कडेनं सुती दोऱ्यानं शिवलं. पाण्यात बुडवून, निथळून, ती छोटी ताटी गाडीच्या खाचेत सरकवली आणि कप्पा पुन्हा लावला. हवा तिच्यातून जाईल, धूळ अडेल, वास येईल आणि एसीला कूलरची जोड मिळेल, असा माझा हिशेब. बायकोला बसवून चक्कर मारली. तिनं डोळे मिटून श्वास घेतला.

‘कोणाची अक्कल?’ ती म्हणाली.

‘आपली.’

‘शाळेत असतानी एवढं डोकं चालवलं असतं तर हेडमास्तर झाले असते.’

दर दोन-तीन दिवसांनी मी ती ताटी काढून पुन्हा ओली करायचो. मेकॅनिकचा फोन आला, ‘सर, फिल्टर आला, या.’ मी म्हणालो, येतो. आठवड्यानं पुन्हा आला. मी म्हणालो, सध्या गरज नाही. काऊन, असं त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आठवीच्या पोरालाही कळावं असं आहे ते. कूलर पाणी हवेत सोडून हवा थंड करतो. एसीची आतली कॉइल हवेतलं पाणी काढून घेते. मी एकाच्या तोंडात दुसऱ्याचं पाणी घालत होतो. शिवाय खस कुजते, तिच्या काड्या सुटतात. त्या काड्या पंख्याच्या वाऱ्यानं कॉइलवर जाऊन बसत होत्या, पाणी बाहेर जायची नळी तुंबत होती. हवा जायला जागा कमी झाली की कॉइलवरचं पाणी गोठतं. बर्फ झाला की वारा बंद. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असलेलं वापरायचं मात्र मला सुचलं नाही.

मे महिन्याच्या मध्यावर आम्ही सिरोंच्याला निघालो. पहाटे निघायचं ठरलं होतं, निघेपर्यंत आठ वाजले. गोंडपिपरीपर्यंत छान गार होतं. आष्टीच्या पुढे बायको म्हणाली, पायाशी पाणी कुठून येतंय? मी म्हणालो, एसीचं असतं. आलापल्लीच्या अलीकडे वारा कमी झाला. मी बटण पुढे ढकललं. पंख्याचा आवाज वाढला, वारा वाढला नाही. आलापल्ली सोडली तेव्हा साडेअकरा झाले होते. जंगलात शिरल्यावर वारा पूर्ण थांबला. काचा खाली केल्या तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी झळ आत आली.

मी तशीच गाडी चालवत राहिलो. सिरोंचा अजून बराच लांब होता, आणि वाटेत थांबणार कुठं? सागाचं जंगल मे महिन्यात सावली देत नाही, पानं सगळी खाली असतात. बायको आधी बोलत होती, मग गप्प झाली, मग म्हणाली, ‘मले कसंतरी होऊन राह्यलं.’ तिची मान बाजूला कलली तेव्हा मी ब्रेक दाबला.

रस्त्याच्या कडेला एक मोहाचं झाड होतं, नवी पालवी फुटलेलं. तिथं तिला कशीबशी उतरवून निजवलं. तिनं उलटी केली. हात थंड लागत होते आणि कपाळ तापलेलं. मी तिच्या नावानं हाका मारत होतो, एवढंच आठवतं. समोरच्या चार झोपड्यांच्या टोलीवरून एक म्हातारी बाई पाण्यानं भरलेला गुंड घेऊन आली. ती गोंडी बोलत होती, मला एक शब्द कळला नाही. तिनं मला बाजूला सारलं, बायकोच्या डोक्यावर, मानेवर, पोटावर सावकाश पाणी ओतलं आणि मग पळसाच्या पानानं वारा घालत बसली. अर्ध्या तासानं बायकोनं डोळे उघडले. मी गाडी सुरू केली तर एसी पहिल्यासारखा गार. पंधरा-वीस किलोमीटरवर पुन्हा बंद. पुन्हा थांबलो, पुन्हा सुरू झाला. असं करत तिला सिरोंच्याच्या दवाखान्यात पोचवलं. दोन दिवस सलाइन होतं.

थांबलं की चालतो, चाललं की थांबतो. कुठल्याही मेकॅनिकला एवढं सांगितलं तर तो म्हणेल, आत बर्फ धरतोय, हवा अडली आहे. गॅसचा दोष असा नसतो. पण माझ्या डोक्यात तेव्हा एकच होतं, की हे कुणामुळे झालं. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात मुलगी रडवेल्या रागानं म्हणाली, ‘बाबा, एवढ्या जुन्या गाडीतून आईले भर दुपारी काऊन आणलं?’

माझ्या तोंडून निघालं, ‘मेकॅनिकनं फसवलं. गॅस भरलाच नव्हता.’

तिथं हे सुरू झालं. मुलीनं ते लगेच मानलं. माझ्याकडे रोखलेली तिची नजर तिकडे वळली, आणि मला इतकं हलकं वाटलं की दुसऱ्या दिवशी जावयाला तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी मला ते खरंच वाटू लागलं होतं.

बायकोला मुलीकडे ठेवून मी एकटा परतलो, आणि घरी न जाता सरळ मूल रोडला गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. शेडसमोर दोन गाड्या उभ्या होत्या. तो पाच गाड्यांचा मालक स्टुलावर बसून चहा पीत होता, त्याचे दोन ड्रायव्हर होते, टपरीवर चार-पाच माणसं होती.

‘या सर,’ मेकॅनिक हात पुसत पुढे आला. ‘फिल्टरसाठी आले ना?’

मी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. मास्तराचा आवाज आहे, मागच्या बाकापर्यंत जातो. माझी बायको मरता मरता वाचली, तू गॅस भरलाच नाहीस, नवी म्हणून कुणाची तरी जुनी जाळी लावलीस, माझी चांगली जाळी काढून विकलीस, तू चोर आहेस. हे सगळं मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. पण पहिला प्रश्न त्यानं विचारला तो असा, ‘बाई कशा हायत आता?’

‘तुला काय करायचंय?’

‘सर, गाडी पाहू द्या. दहा मिनटं. गेज लावतो, तुमच्या डोळ्यापुढे.’

‘हात लावायचा नाही गाडीला.’

तरी तो डाव्या दारापाशी आला. काच खालीच होती. वाकून त्यानं आत पाहिलं, समोरच्या हवेच्या जाळीकडे, पायाखालच्या चटईकडे. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, ‘सर, आत काई टाकलं होतं काय?’

या प्रश्नापाशी मी चार वर्षं अडलो आहे. स्वतःला सांगत आलो की त्या वेळी मी रागात होतो, खसची आठवणच नव्हती. ते खरं नाही. त्यानं विचारलं त्या क्षणी मला खस आठवली. तारेची जाळी आठवली, सुती दोरा आठवला, कॉइल, पाणी, बर्फ, सगळं एका झटक्यात समजलं. आजूबाजूला दहा माणसं होती.

मी म्हणालो, ‘नाही.’

आणि तो गप्प राहिला म्हणून, त्या गप्प राहण्याची भीती वाटली म्हणून, मी आणखी एक वाक्य बोललो. ‘मासे धरणाऱ्याच्या हाती गाडी दिली, ही माझीच चूक.’

टपरीवर कुणीतरी खुसकन हसलं. मेकॅनिक वळला. शेडमध्ये गेला, एका खोक्यातून नवा फिल्टर आणला आणि माझ्या गाडीच्या बोनेटवर ठेवला. ‘तुमच्यासाठी आनला होता,’ म्हणाला आणि ज्या गाडीचं काम चाललं होतं तिच्याखाली सरपटत गेला. मी तो फिल्टर तिथंच रस्त्यावर ढकलला आणि निघून आलो.

त्या मालकानं माझ्यासमोरच ड्रायव्हरला गाडी बाहेर काढायला सांगितली होती. मला वाटलं, बरं झालं.

पुढचे काही दिवस मी ही गोष्ट सांगत फिरलो. सकाळी फिरायला येणाऱ्यांना, निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत, दूध आणायला गेलो तिथं. प्रत्येक वेळी सांगताना मी ते शेवटचं वाक्य घालायचो, कारण लोक त्यावर हसायचे. घरी आल्यावर मात्र पहिल्यांदा खस काढून टाकायला हवी होती, तेही केलं नाही. त्या कप्प्याला हात लावायची मला हिंमत होत नव्हती.

बायको बरी होऊन आली. तिला तपासणीसाठी नागपूरला नेलं, तेव्हा तिथल्या एका मेकॅनिकला गाडी दाखवली. तो पट्ठ्या भलताच बोलका होता. गेज लावून म्हणाला, ‘काका, गॅस एकदम फुल आहे. जाळी नवीन. ज्यानं काम केलं त्यानं चोख केलं.’ मग कप्पा काढला आणि हसायला लागला. ‘अरे बाप रे! इथं कोणत्या पाखरानं घरटं बांधलं?’ त्यानं ती ताटी ओढून बाहेर काढली. काळी पडलेली, बुळबुळीत, कुजका वास येणारी. दोरा मात्र जसाच्या तसा होता.

बायको मागच्या सीटवर बसली होती. सिरोंच्याहून आल्यापासून तिनं माझ्या तोंडून सगळी गोष्ट ऐकली होती, त्या वाक्यासकट. तिनं ताटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परत येताना जांब गेल्यावर ती म्हणाली, ‘उद्या जाऊन सांगा त्याले.’

‘जाईन,’ मी म्हणालो.

तिनं आणखी दोनदा विचारलं, एकदा त्याच आठवड्यात, एकदा पोळ्याला. दोन्ही वेळा मी म्हणालो, जाईन. मग तिनं विचारणं सोडलं. मी मूल रोडनं जायचंच टाळू लागलो. दिवाळीनंतर एकदा नाइलाजानं त्या वाटेनं जावं लागलं तेव्हा शेड रिकामं होतं, फळा काढून नेलेला. मला काय वाटलं तेही लिहितो, कारण आता लपवायचं नाही असं ठरवलंय. मला सुटल्यासारखं वाटलं. आता सांगणार कुणाला?

पेन्सिलीच्या त्या रेघेनंतर पंधरा दिवसांनी मी त्या टपरीवर गेलो. चहावाला तोच होता. मी मेकॅनिकबद्दल विचारलं.

‘कोन, तो मच्छीवाला?’ तो म्हणाला. ‘तो गेला गावाले. सिंदेवाहीकडे हाय त्याचं गाव.’

‘त्याला मच्छीवाला कोण म्हणतं?’

‘सारेच म्हनत होते जी. गाड्यावाले येऊन म्हनत, मच्छीवाला हाय काय, आज काय ताजं हाय. कोनं ठेवलं नाव, काय मालूम.’ मी समोर उभा होतो आणि त्याला मी आठवत नव्हतो. चोरीचा आरोपही आठवत नव्हता. नाव तेवढं उरलं होतं.

गाव शोधायला वेळ लागला नाही. मोठ्या मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, पाळीखाली वस्ती. तो घरासमोर बाभळीखाली पाण्याचा पंप खोलून बसला होता. केस पांढरे झालेले. मला पाहून उठला. ओळखलं त्यानं. त्याच्या बायकोनं न विचारता पाण्याचा लोटा आणून दिला. बसायला खाट टाकली, पण मी उभाच राहिलो. उभं राहून सांगणं बरं पडेल असं वाटलं.

मी म्हणालो, ‘मी खस ठेवली होती आत. तू विचारलंस तेव्हा मला आठवली होती. तरी नाही म्हणालो.’

तो पंपाकडे पाहत होता. ‘मले मालूम होतं सर.’

‘काय?’

‘हवेच्या जाळीतून काडी बाहेर निंगाली होती. खसची. चटईवर पन होत्या चार-दोन. म्हनून तं विचारलं.’

‘मग तिथंच बोलला का नाहीस? सगळ्यांसमोर दाखवून द्यायचं होतंस.’

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. ‘बाईची तब्येत तशी होती. तुमचा चेहरा पांढरा पडला होता. म्हटलं, आता नोको. सर हायत, दोन दिवसांत स्वता येऊन सांगतीन.’ मग म्हणाला, ‘मी आठ दिवस रोज वाट पाह्यली.’

मी हात जोडले. त्यानं ते पाहून मान वळवली, त्याला ते आवडलं नाही हे स्पष्ट दिसलं. ‘मले सांगून काय फायदा, सर?’ तो म्हणाला. ‘मले तं माहीतच होतं. ज्याईनं आयकलं त्याईले सांगा.’

त्यानं पाना उचलला आणि कामाला लागला. त्याची बायको दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या पाहण्यात त्याचा मऊपणा नव्हता.

मी सांगायला सुरुवात केली. निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत उभा राहून सांगितलं. एक जण म्हणाला, ‘सोडा ना सर, जुनी गोष्ट.’ दुसऱ्यानं पाठ थोपटली, म्हणाला, तुमचं मन मोठं. मला ते ऐकवलं नाही. सकाळच्या फिरायच्या मंडळींतले दोघं आता नाहीत. चहावाल्याला सांगितलं, तो म्हणाला, ‘हो काय?’ आणि दूध उकळू लागलं म्हणून वळला. सर्वांत शेवटी त्या पाच गाड्यांच्या मालकाकडे गेलो. शेवटी, कारण त्याचीच भीती जास्त होती. मेकॅनिकचं शेड चालायचं ते त्याच्या गाड्यांवर.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘सर, मी त्याच्याकडे आठ वर्षं गाड्या देत होतो. आठ वर्षांत एकदा धोका नाही. तुमच्या एका बोलण्यावर मी सगळं काढून घेतलं. तुम्ही मास्तर, म्हणून मी त्याले एका शब्दानं विचारलं नाही.’

‘चूक माझी आहे,’ मी म्हणालो.

‘तुमची तर हायेच,’ तो म्हणाला. ‘पण आता माझीही झाली ना.’

त्यानं मोबाइल काढला, नंबर शोधला. चार वर्षं तो नंबर त्याच्याकडे होता. फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. बराच वेळ वाजला.

‘बोला,’ तिकडून आवाज आला.

‘मी बोलतो. सर बसले आहेत माझ्यासमोर. त्यांनी सांगितलं सगळं.’

तिकडे पाण्याचा आवाज आला, कुणी बादली ओतल्यासारखा.

‘माझ्या पाचही गाड्या आहेत भाऊ,’ मालक म्हणाला. ‘उन्हाळा तोंडावर आला. येशील काय?’

‘पाह्यतो,’ मेकॅनिक म्हणाला. ‘आता इथंच काम लागलं हाय. पंप हायत, फ्रीज हायत. तलावाचंही पाहा लागते. पाह्यतो.’

‘जागा मी देतो. शेड टाकून देतो.’

‘पाह्यतो म्हटलं ना जी.’

मालकानं माझ्याकडे पाहिलं. मी फोनजवळ वाकलो. तेवढ्यात तिकडून प्रश्न आला, ‘सर आयकून राह्यले काय?’

‘आहेत. ऐकतात.’

‘त्याईनं मासेवाली गोष्टबी सांगितली काय तुमाले? का फक्त खसची?’

मालकानं भुवया उंचावल्या. मी त्याला ती सांगितली नव्हती. चोर म्हणालो ते सांगितलं, खोटं बोललो ते सांगितलं. ते वाक्य मालकानं त्या दिवशी स्वतः ऐकलंच होतं, असं म्हणून मी ते गाळलं होतं. बैठकीतही गाळलं होतं. बायकोसमोर तर नागपूरच्या त्या दिवसानंतर ते कधी काढलंच नव्हतं.

‘नाही,’ मी फोनकडे तोंड करून म्हणालो. ‘ते राहिलं.’

‘माहा बाप जिता होता तवा,’ तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. ‘बाजारात लोकं त्याले सांगत, तुह्या पोराले असं असं म्हनतात. ते सांगा सर. बाकीचं तं मशीनचं होतं.’

फोन बंद झाला. मी मालकासमोर तसाच बसून, त्याच्या डोळ्यांत पाहून, ते वाक्य म्हणालो, जसं चार वर्षांपूर्वी म्हणालो होतो तसं, आणि ते कुणाबद्दल होतं आणि का म्हणालो तेही सांगितलं. आता बैठकीत पुन्हा उभं राहायचं आहे. चहावाल्याकडे पुन्हा जायचं आहे, तो दूध उकळताना नव्हे, रिकामा असेल तेव्हा.